आमच्या अहिराणीत मुलाची अडचण ऐकून घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मुलगा तिसरीत गेला तरी वाचता येईना. 'घ'चा 'ध' व्हायचा, 'भ'चा 'म'. जोडाक्षर आलं की वही मिटायचा. शाळेतून एकच सांगणं: घरी अहिराणी बोलता म्हणून गोंधळतो, ती बंद करा. आम्ही मूळचे कळवणकडचे. सासूबाईंना दुसरं काही बोलताच येत नाही. त्या नातवाशी बोलायलाच बिचकू लागल्या.

तुम्ही सासूबाईंनाच सोबत बोलावलंत. आधी त्याला अहिराणीत गोष्ट सांगायला लावलीत. कोल्ह्याची गोष्ट त्याने काही न गाळता घडाघडा सांगितली. मग तुम्ही विचारलंत, "'भाकर'मधला 'भा' काढला तर काय उरतं?" तो गप्प. नुसता आजीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मन्हा नातू येडा नही शे ना?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हा तुम्ही किती शांतपणे समजावलंत! गोष्ट अशी सांगणारं पोर बुद्धीने कमी नाही. अडचण फक्त मराठीत असती तर सवय नाही म्हणता आलं असतं. पण घरच्या बोलीतले आवाजही सुटे करता येत नाहीत, म्हणजे डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) असू शकतो, रीतसर तपासणी करायला हवी. आणि दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. नजर लागली, आई लक्ष देत नाही, असं सगळं ऐकून झालेल्या मला त्या दिवशी केवढा धीर आला, ते तेव्हा बोलता आलं नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, धरलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. मिस्टर अंबडला पाळीत कामाला. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी जमेल अशा बेताने तुम्ही कागदपत्रं लावून दिलीत.

आता आजी अहिराणी शब्द सांगतात, तो टाळ्या वाजवत ते फोडतो. ताटात रवा पसरून अक्षर गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणतो. वाचन अजून सावकाशच आहे, पण वही मिटत नाही. तुमचे मनापासून आभार.

शेजारी बिहारहून आलेलं कुटुंब आहे. त्यांच्या मुलीलाही घरची भोजपुरी बंद करायला सांगितलंय. पुढच्या वेळी त्यांना घेऊन येते. आईला मराठी फारशी येत नाही, तेव्हा भोजपुरी जाणणारं कुणी मिळालं तर बोलावून ठेवा.

आपली,
एक आई, सिडको, नाशिक