कानाची गोष्ट पुरे, योहानाचे काम सांगा

महोदय,

रविवार पुरवणीतील चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचा लेख वाचला. पान देखणे होते, पण निम्मा मजकूर पुन्हा त्याने स्वतःच कापलेल्या त्या कानावरच खर्ची पडला. शिवाय कावळे उडणारे गव्हाचे शेत हे त्याचे अखेरचे चित्र, असेही छापले आहे. ते तसे नाही. फ्रान्समधल्या ऑव्हेर गावी त्याने शेवटी हाती घेतलेले चित्र झाडांच्या मुळांचे, असे आता अभ्यासक मानतात. ते अपुरेच राहिले.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत असे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलेही आधी कानाबद्दलच विचारायची. म्हणून मी वर्गात व्हिन्सेंटच्या ‘बदामाचा बहर’ या चित्राची मोठी प्रत लावली. पुतण्या झाल्याचे कळल्यावर त्याने फेब्रुवारी १८९० मध्ये हे चित्र काढले. ना जमीन, ना बुंधा. निळ्या आभाळावर वाकड्यातिकड्या फांद्या आणि त्यांना जपानी छापचित्रांसारखी गडद किनार. जवळून पाहिले, की पांढऱ्या पाकळ्यांत कुठे गुलाबी, कुठे हिरवट झाक दिसते. मुले ती झाक आपल्या पोस्टर कलरमध्ये आणायला धडपडायची, आणि मग खरे प्रश्न सुरू व्हायचे.

त्या बाळाची आई म्हणजे योहाना, व्हिन्सेंटची भावजय. तुमच्या लेखात तिचे नावसुद्धा नाही, याचे फार वाईट वाटले. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला, सहा महिन्यांत नवरा थिओही गेला. वय अवघे अठ्ठावीस, पदरात वर्षाचे मूल आणि घरात दिराच्या चित्रांचे ढीग. हॉलंडात बुसमला तिने भाडेकरूंना जेवूखाऊ घालून घर चालवले, चित्रे भिंतींवर टांगली, प्रदर्शनांना पाठवली, विक्रीचा हिशेब वहीत मांडला. १९०५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरवले. १९१४ मध्ये व्हिन्सेंटने थिओला लिहिलेली पत्रे छापून आणली. ‘सूर्यफुले’ हे त्याचे चित्र द्यायला तिने आधी साफ नकार दिला होता. १९२४ मध्ये मन घट्ट करून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिले.

येत्या ३० मार्चला, व्हिन्सेंटच्या जयंतीला, योहानावर एक पूर्ण पान द्यावे, ही विनंती. सोबत ‘बदामाचा बहर’ रंगीत छापावे, तेही शाळेच्या भिंतीवर लावता येईल एवढे मोठे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा