वाइनच्या बेटावर गेलो आणि अथणी आठवली

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या वडगावातल्या घरात कधीपासून येतोय ते आता आठवत पण नाही, पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय आणि ते पण फोनवर एका बोटानं, त्यामुळं चुकलंमाकलं सुधारून घ्या. लिहायचं कारण असं की गल्लीत सध्या एकच चर्चा चाललीय, ड्रायव्हर मामा गळ्यात माळ घालून परदेशात दारूची टूर करून आले म्हणून. देवळात भजनाला गेलो तर मृदंगवाला पण गालात हसतोय. तेव्हा एकदा काय ते खरं सांगून टाकतो, आणि त्यातनंच एक काम पण निघालंय ते शेवटी सांगतो.

मी बसचा रिटायर ड्रायव्हर. २९ वर्षं स्टिअरिंगवर काढली, बरीच वर्षं बेळगाव-अथणी, मधे चोर्ला घाटातनं पणजी, शेवटी गुडघे बोलायला लागले तसं सिटी ड्युटी घेतली. लेक-जावई न्यूझीलंडला ऑकलंडात असतात, गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडं गेलतो. जावई म्हणाला मामा, एक दिवस बेटावर जाऊन या, बसची टूर हाय, सगळं दाखवतात. बस म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. कसली टूर ते विचारलंच नाही, चूक माझी. तिकिटाचा आकडा त्यानं शेवटपर्यंत सांगितला नाही, त्यावरनं समजून घ्या.

बेटाचं नाव वायहेके. ऑकलंडच्या धक्क्यावरनं बोटीनं साधारण ४० मिनिटं. वाटेत रांगितोटो नावाचा डोंगर लागतो, म्हणजे ज्वालामुखीच तो, सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातनं वर आलेला, आता गप बसलाय. बेट तसं लहान, ९२ चौरस किलोमीटर, वळणावळणाचे रस्ते, दोन्ही बाजूला हिरव्या टेकड्या आणि मधनंच खाली निळा समुद्र दिसतोय, म्हणजे आमच्या जांबोटीच्या रस्त्याला कुणीतरी समुद्र आणून जोडलाय असं वाटतं बघा. सगळ्या बेटावर एक पण सिग्नल नाही.

माटियाटिया नावाच्या धक्क्यावर उतरलो तर बस उभी, वीसेक सीटची, आणि ड्रायव्हर एक बाई. साठीच्या असतील. त्याच ड्रायव्हर, त्याच गाईड, माणसं मोजायचं कंडक्टरचं काम पण त्यांचंच. कानाला माईक लावलेला. मी पुढच्या सीटवर बसलो, बायकोला खिडकी दिली. पहिली दहा मिनिटं मी बेट बघितलंच नाही, बाईंचे पायच बघत होतो. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणारी ड्रायव्हर नव्हे ती, गिअर खाली टाकून शांत उतरत होत्या, समोरनं गाडी आली की आधीच बाजूला घेऊन थांबत होत्या आणि तोंडानं गोष्ट चालूच. मला मनातनं बरं वाटलं. आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात तिकडं, त्यामुळं मला मधनंमधनं उगीचच ब्रेक मारावासा वाटत होता.

सुरुवातीलाच बाई म्हणाल्या ‘किया ओरा’. हे माओरी लोकांचं नमस्कार. मग म्हणाल्या या बेटाचं जुनं माओरी नाव ते मोटू आराई रोआ, म्हणजे लांबलचक आडोसा देणारं बेट. बाई गोऱ्या, पण ते नाव त्यांनी नीट सावकाश, आपल्या घरातलं नाव घ्यावं तसं घेतलं. माओरी भाषेला तिकडं १९८७ पासून कायद्यानं अधिकृत भाषेचा दर्जा आहे म्हणे, पाट्यांवर पण दिसते. आपल्याकडं पाट्यांचा विषय काढला की लगेच आवाज चढतो, म्हणून मी इथंच थांबतो. पण बायको माझ्याकडं बघून नुसतं ‘बघा’ एवढंच म्हणाली.

पहिल्या मळ्यावर बस थांबली तेव्हा मला कळलं की ही वाइन चाखायची टूर हाय! आता काय करणार, बोट संध्याकाळची. लेकीनं फोनवरनं बाईंना सांगितलं वडील घेत नाहीत, तर त्या म्हणाल्या काही अडचण नाही, त्यांना द्राक्षाचा रस देऊ, पण वास घ्यायला त्यांच्या धर्मात मनाई नाही ना? मी म्हटलं वासाला कसली मनाई. आणि ह्या वासानंच सगळा घोटाळा केला.

त्याचं असं की बाई प्रत्येकाला ग्लासात जेमतेम दोन घोट ओतून देतात, मग ग्लास हातात फिरवायचा, नाक आत घालायचं आणि काय वास येतो ते सांगायचं. लोक सांगत होते फुलं, लिंबू, अमुक तमुक. सिरा नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन आली तेव्हा मी नाक घातलं आणि सरळ म्हटलं, काळी मिरी. बायको म्हणाली गप बसा की हो, काय पण सांगूलालाय. पण बाईंनी टाळीच वाजवली. म्हणाल्या सिराच्या सालीत खरंच मिरीचाच वास असतो, मिरीत जो पदार्थ तोच तिच्यात. २९ वर्षं डिझेलचा वास घेतलेलं नाक हे, आणि बसमधली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तिथनं पुढं प्रत्येक ग्लास आधी माझ्या नाकाखाली यायला लागला. गल्लीत जो फोटो फिरतोय तो तेव्हाचा. ग्लास हातात आहे, पण थेंब पोटात नाही.

बायकोनं मात्र चाखली. खोटं कशाला बोलू. पहिली तुरट लागली, दुसरी औषधासारखी, तिसऱ्याला म्हणाली ही बरी हाय. तिथं टेबलावर एक भांडं असतं, चाखायचं आणि त्यात थुंकायचं, कारण दिवसभर चाखणारा माणूस गिळत बसला तर चौथ्या ग्लासाला त्याला चव काय कळणार. आमची म्हणाली एवढं महागाचं आणि थुंकायचं? आपल्याकडं पान खाऊन थुंकणाऱ्यांना तरी हे भांडं द्यायला पाहिजे.

आता मुद्द्याचं. माझ्या मेव्हण्याची, आम्ही त्याला आप्पा म्हणतो, अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूला द्राक्षबाग आहे. त्यामुळं बाईंनी बागेत नेलं तेव्हा मी बसमधला एकटाच असा होतो ज्यानं आधी वेलीचं खोड बघितलं आणि मग समुद्र. आपल्याकडं वाय अँगलवर, म्हणजे इंग्रजी वायच्या आकाराच्या लोखंडी आधारावर, नाहीतर मांडवावर वेल चढवतात, तिथं कमरेएवढ्या उंचीपासून भिंतीसारख्या उभ्या ओळी, त्यावर पक्षी येऊ नयेत म्हणून पांढरी जाळी टाकलेली, कारण माल तोडणीला आलेला. गंमत अशी की फेब्रुवारीत इकडं आप्पाची पण तोडणीच चालू होती. पण त्यांची वेल वर्षातनं एकदाच छाटतात, हिवाळ्यात पानं गळून ती झोपते तेव्हा, जून-जुलैच्या सुमाराला. आमच्या आप्पाची वेल झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा छाटायला लागतं, एप्रिलमध्ये खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी माल घ्यायला. हे मी फोनवरनं लेकीकरवी सांगितल्यावर बाईंनी खिशातनं वही काढून लिहून घेतलं, देवाशपथ.

मग त्यांनी एक मणी कापून दाखवला. मोठ्या वाटाण्याएवढा मणी, जाड साल, आत बिया. काळं द्राक्ष असूनसुद्धा रस जवळजवळ पांढरा! रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइनला सालीसकट आंबवतात आणि पांढरीला आधीच पिळून साल बाजूला काढतात. आमच्या आप्पाचं उलटं सगळं, मणी मोठा व्हावा म्हणून जीएचं डीपिंग, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात घड बुडवायचे, मग थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करायचे, एवढा सोपस्कार. त्यांना मणी बारीकच पाहिजे, कारण बारीक मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. पण गोडी बघायची पद्धत तीच, रसाचे दोन थेंब काचेवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं, बेदाण्याला आपल्याला २२ च्या वर पाहिजे असतं, त्यांना पण साधारण तेवढंच लागतं. म्हणजे माल एकाच शाळेतला, पुढं एक कॉलेजला गेला आणि एक शेडमध्ये रॅकवर पडला.

बायकोनं तिथंच हिशोब काढला. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं म्हणाल्या बाई. आप्पाला एक किलो बेदाण्याला चार किलो द्राक्ष लागतं, वर माल लवकर वाळावा म्हणून लावायचं डीपिंग ऑईल, मजूर, दोन आठवडे शेडमध्ये वाळवायचं, तेवढ्यात आभाळ आलं की ह्याची झोप गेली, आणि एवढं करून बाग कर्नाटकात आणि सौदा तिकडं महाराष्ट्रात तासगावला. आप्पाला किलोला काय सुटतं ते लिहीत नाही, छापून आलं तर रुसेल.

त्या बेटावर पण हे सगळं पहिल्यापासनं नव्हतं. १९७८ साली गोल्डवॉटर नावाच्या नवरा-बायकोनं वेली लावल्या, तिथनं हल्लीची वाइन सुरू झाली, मग १९८२ ला स्टोनीरिज नावाचा मळा, असं करत आता सगळं बेटच त्यावर चाललंय. आणि पाण्याचं ऐकाल तर गंमत वाटेल, एवढ्या श्रीमंत बेटावर घरोघरी नळच नाही! छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, उन्हाळ्यात संपलं की टँकर. इथं राकसकोप धरणाचं पाणी दोन दिवस नाही आलं की आम्ही घागरी घेऊन रस्त्यावर येतो.

मला सारखं आठवत होतं ते मागं एका ट्रॅव्हल्सबरोबर केलेली गोव्याची टूर. नाव घेत नाही. गाईड म्हणून एक पोरगा दिलेला, त्यानं सगळ्या रस्त्यात गाणी लावली आणि उतरवलं ते थेट काजूच्या दुकानात. बाजूच्या सीटवर खानापूरचे एक मास्तर होते, त्यांनी विचारलं काजूची बी फोडतात कशी ते दाखव, तर म्हणाला काका ते मागं असतं, तिकडं नको, इकडं पाव किलोचं पॅकेट घ्या. ह्या वायहेकेच्या बाईंनी आम्हाला काय विकलं? एक बाटली पण घ्या म्हणाल्या नाहीत. नुसतं वेल दाखवली, माती हातात दिली, कुठल्या वर्षी पाऊस कधी पडला ते सांगितलं, आणि त्याच्यावर बसमधल्या लोकांनी आपण होऊन पिशव्या भरल्या. आमच्या हिनं सुद्धा ऑलिव्हच्या तेलाची बाटली घेतली, आता ती फोडणीला वापरायची का केसाला यावर घरात अजून एकमत नाही. त्या दुकानाच्या रांगेत उशीर झाला आणि बोट चुकता चुकता राहिली, पण बाईंनी धक्क्यावर बरोबर चार मिनिटं आधी पोचवलं, एकदा पण हॉर्न न मारता.

तर संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की फेब्रुवारी-मार्चमध्ये दर रविवारी सकाळी बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरनं एक बस अथणीकडं का सोडू नये? वाइनचं मी म्हणत नाही, कर्नाटक सरकारचं त्याचं धोरण २००७ पासून आहे, ज्याला करायचंय तो करेल, मला माळ आहे. पण बाग दाखवा, तोडणी दाखवा, बेदाण्याचं शेड दाखवा, हिरवा आणि पिवळा बेदाणा वेगळा का होतो ते ज्यानं केलाय त्याच्याच तोंडनं ऐकवा. जाताना गोकाक धबधबा आहे, तेव्हा पाणी नसतं ते खरं, पण गोकाकची डिंक-सुक्या मेव्याची मिठाई, करदंट, आहे की. अथणीत चप्पल करणाऱ्यांची घरं आहेत, ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचीच म्हणून सरकारी ओळख, मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हा पण आहे, हे आपल्यातल्याच किती जणांना माहीत आहे? मी त्या रूटवर इतकी वर्षं गाडी मारली, हजारो माणसं त्या बागांच्या कडेनं नेली, एकानं पण खिडकीतनं बोट दाखवून हे काय विचारलं नाही आणि मी पण कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

गाईड मराठी बोलणारा पण पाहिजे, कन्नड बोलणारा पण, बेळगावच्या बसमध्ये ते काय अवघड नाही, आम्ही ड्रायव्हर-कंडक्टर लोक एका वाक्यात दोन्ही बोलतो.

तिकडनं आल्यावर आप्पाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप होता, मला वाटलं लाईन कट झाली. मग म्हणाला, दाजी, येऊ देत की लोक, चहाचं मी बघतो, फक्त फवारणीच्या दिवशी नको आणि बारकी पोरं घड तोडणार नाहीत एवढं बघा.

परिवहनचे कुणी साहेब किंवा कुणी टूरवाले हे वाचत असतील तर विचार करावा. माझं हेवी लायसन्स अजून चालू आहे.

आपला,
एक रिटायर बस ड्रायव्हर
वडगाव, बेळगाव