सूरजला पत्र : कॉम्प्युटर कशासाठी बांधला

वसमत,
८ डिसेंबर

प्रिय सूरज,

फोनवर तू विचारलंस, "गेम खेळत नाहीस, व्हिडिओ करत नाहीस, मग एवढा पैसा घालून कॉम्प्युटर असेंबल केलास कशाला?" बसस्टँडच्या गोंगाटात ते सांगणं शक्य नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

त्याच्यावर 'आइन्स्टाइन ॲट होम' चालतं. २००५ पासूनचा प्रकल्प आहे. जगभरातली माणसं आपल्या घरच्या मशीनचा वेळ त्याला देतात. बॉइंक नावाचा फुकटचा प्रोग्राम टाकला की तो सर्व्हरवरून गणिताचा एक तुकडा उतरवून घेतो, सोडवतो, उत्तर पाठवतो आणि पुढचा मागतो. शोधायचे असतात न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागे उरलेले लहानसे पण भयंकर घट्ट गोळे. त्यासाठी गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे जड वस्तू हलल्या की अवकाशात उठणाऱ्या तरंगांच्या, लायगो वेधशाळांतल्या नोंदी, रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी आणि फर्मी उपग्रहाने टिपलेले गॅमा किरण, असं सगळं चाळावं लागतं.

हे काम घरोघरी वाटता येतं, हे मला सगळ्यात भावलं. फिरणारा न्यूट्रॉन तारा किंचित जरी बेढब असला तरी अगदी क्षीण पण सलग, जवळजवळ एकाच सुरात लहरी सोडत असणार. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, म्हणून तो सूर आपल्याकडे येताना चढतो-उतरतो. किती, ते तारा आकाशात कुठं आहे यावर ठरतं. आणि तेच तर माहीत नाही! मग आकाशातला एकेक ठिपका, एकेक वारंवारता, फिरणं किती मंदावतंय याचा एकेक अंदाज धरून तीच नोंद पुन्हापुन्हा तपासायची. गणित अफाट, पण एका ठिपक्याला शेजारच्या ठिपक्याचं उत्तर लागत नाही. कापूस वेचताना जिची तिची पात असते ना, तसं. शिवाय एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जातो आणि उत्तरं जुळली तरच धरली जातात.

यातून निघतं काय? २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार, म्हणजे फिरताना ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरींचा झोत टाकणारा न्यूट्रॉन तारा, सापडला, सेकंदाला जवळपास ४१ वेळा फिरणारा. तो ज्या मशीनवर दिसला त्यातलं एक अमेरिकेतल्या आयोवात राहणाऱ्या नवरा-बायकोचं होतं, दुसरं जर्मनीतल्या माइन्झचं. त्यानंतर असे कितीतरी सापडले. न्यूट्रॉन ताऱ्याची सलग गुरुत्वीय लहर मात्र अजून कुणालाच मिळालेली नाही. २०१५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पकडली ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची, क्षणभराची होती. जे अजून मिळालेलं नाही त्याच्या शोधात आपलं मशीन असावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपल्याला तर हे दूरचं नाही रे. श्रावणात नागनाथाला जायचो त्या औंढ्याजवळच, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया उभी राहणार आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. ती सुरू व्हायला अजून वर्षं जातील. तोवर अमेरिकेतल्या दोन लायगोंच्या नोंदी हिंगोली जिल्ह्यातल्या एका घरात तपासल्या जातात, याचा मला अभिमान आहे.

आता मशीनचं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, ६५ वॅटचा. ग्राफिक्स कार्ड नांदेडहून सेकंडहँड घेतलं, आरटीएक्स ३०६०. पण आपल्याकडे पहिला पैसा कार्डावर घालू नये, अर्थिंगवर घालावा. अंगणात खड्डा घेऊन पाइप पुरला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर दिले, पाणी सोडलं. आधी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर चांगलाच व्होल्टेज दाखवायचा, आता जेमतेम एक-दीड. त्यानंतर चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि यूपीएस. लाईट गेली तरी काम बुडत नाही, कारण बॉइंकचं गणित अधूनमधून डिस्कवर सेव्ह होत राहतं आणि लाईट आली की तिथूनच पुढं चालू होतं.

कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं आणि जाळीवर आईच्या जुन्या नायलॉन ओढणीचा तुकडा ताणून बसवला. सोयाबीनच्या मळणीत त्याच्यावर एवढा भुसा बसला की बोटाने रेघ ओढता येत होती. आत पंख्याची पाती मात्र स्वच्छ! कार्ड १७० वॅटचं आहे, ते मी ११५ वर बांधून ठेवलंय. काम थोडंच कमी होतं, पण उष्णता आणि आवाज बराच उतरतो. सगळं मिळून २०० वॅट, रोज बारा तास, म्हणजे महिन्याला ७२ युनिट. शंभराच्या वर गेलं की दर चढतो, म्हणून चालवायचं ते थंडीत आणि रात्रीच. एप्रिल-मेमध्ये बंद. त्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली मशीन पळवणं मला पटत नाही.

बाबांनी एकदा विचारलं, "बिल आपण भरायलोत, मग आपल्याला काय भेटायलंय?" मी म्हणालो, पैसा काही नाही. उत्तराच्या हिशेबात नाव लागतं, तेवढंच. ते काही बोलले नाहीत. हल्ली मात्र सकाळी चहा घेताना विचारतात, "रात्री किती झाले?" मी आकडा सांगतो.

तुझ्या दुकानात कोपऱ्यात पडलेला डेस्कटॉप भंगारात देऊ नकोस. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी नुसत्या प्रोसेसरवर काम चालतं. फक्त तुकडा मुदतीत पुरा झाला पाहिजे. संक्रांतीला येताना घेऊन ये, मॉनिटर नको, नुसता डबा आण. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट बदलून बॉइंक टाकून देतो. लातूरला दुकानाची अर्थिंग कशी आहे तेवढी आधी वायरमनकडून बघून घे.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
माधव