श्रद्धा आधार आहे की आसूड, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘श्रद्धेच्या बळावर कर्करोगावर मात’ अशा धर्तीचे मथळे वरचेवर वाचायला मिळतात. हेतू चांगलाच असतो. पण जिचा आजार वर्षभराने उलटला आहे, ती बाई त्याच मथळ्यातून एवढेच वाचते : म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली.

१९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांचा एक अभ्यास आला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला आधारगटात बसत, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. मन मोकळे केल्याने आयुष्य वाढते, असा मग गाजावाजा झाला. २००१ मध्ये त्याच धर्तीचा, २३५ स्त्रियांचा कॅनडातला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, आणि सुरुवातीला जिला त्रास जास्त, तिला फायदाही जास्त. मनाच्या आधाराकडून मागायचे ते एवढेच, आणि आमच्या मते ते पुष्कळ आहे.

श्रद्धा दोन्ही बाजूंनी ओढते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांच्या छोट्या प्रश्नावलीत १४ विधाने आहेत; सात आधाराची, सात घुसमटीची. ‘देवाने मला टाकले’, ‘ही माझ्या चुकांची शिक्षा’ ही दुसऱ्या बाजूची. वरून दोन्ही बाजूंच्या बायका सारख्याच भाविक दिसतात. एकीला प्रार्थनेनंतर झोप लागते, दुसरी प्रार्थनेत माफीच मागत राहते. दुसरीला ‘देवावर भरवसा ठेव’ म्हणणे म्हणजे तिच्या अपराधी मनाला आणखी खतपाणी घालणे.

हे ओळखायला डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची पद्धत पुरते. तुम्हाला बळ कशातून मिळते, श्रद्धेतून की आणखी कशातून? या आजारपणात त्याला किती महत्त्व आहे? त्या बाबतीत तुमच्या सोबतीला कोण आहे? आणि उपचार करताना आम्ही त्याची दखल कशी घ्यावी? पाच-दहा मिनिटांचे काम. बिघडते ते विचारण्याच्या रीतीमुळे. केसपेपरवर ‘धर्म’ लिहून घेतला की काम झाले असे वाटते. घरची माणसे समोर असताना विचारले की उत्तर त्यांना रुचेल असेच येते. दुसरा प्रश्न गाळला जातो, आणि खरे तर तोच मोलाचा. विचारून झाल्यावर गप्प बसायचे. ‘मलाच का?’ असे ती म्हणाली तर तिला कारण नको असते. ऐकणारे कोणी तरी हवे असते. तिथे कर्मसिद्धांत समजावू नये.

आता एक बाब, जी समुपदेशकांच्याही नजरेतून निसटते. केमोच्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवस उलट्या होऊ नयेत म्हणून बरेचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्याने झोप उडते, जीव सैरभैर होतो. गोळ्या बंद झाल्या की काहींना एकाएकी गळून गेल्यासारखे वाटते, उगाच रडू येते. रात्री दोनला ती जपमाळ घेऊन बसते. दहाव्या-बाराव्या मण्याला मोजणी हुकते, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच चूक. ‘नामातही मन लागत नाही’ म्हणून ती स्वतःला दोष देते. हा दोष गोळीचा आणि केमोनंतरच्या धूसर मेंदूचा आहे, भक्तीचा नव्हे. हे तिला केमोच्या आधीच सांगायला हवे. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. त्या दिवसांत मोजणी सोडून द्यावी. पाठांतराऐवजी कोणी तरी वाचावे, तिने पडल्यापडल्या ऐकावे. ध्यान पाच मिनिटांचेच : चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, श्वास कोंडायचा नाही. डोळे मिटल्यावर मळमळ किंवा भीती वाढत असेल तर उघडे ठेवून एखाद्या वस्तूकडे पाहावे.

उपासतापासाचे थोडक्यात. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध चालू असताना निर्जळी उपवास मूत्रपिंडांवर बेतू शकतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. सामुदायिक प्रार्थनेची गर्दी तेव्हा टाळावी, आणि ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला तर सकाळची वाट पाहू नये. श्रद्धेपोटी कोणी दिलेले चूर्ण-काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

देव न मानणाऱ्या बाईचे काय? आध्यात्मिक स्वास्थ्य मोजणाऱ्या १२ विधानांच्या एका प्रचलित प्रश्नावलीत अर्थ, शांती आणि श्रद्धा असे तीन भाग आहेत. मन सावरण्याशी पहिल्या दोहोंचे नाते श्रद्धेपेक्षा घट्ट असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तिला देवाकडे वळवायचा खटाटोप नको. बागेतल्या कुंडीची माती बदलण्यात तिला शांती मिळत असेल तर तेच तिचे अध्यात्म. (हातमोजे घालून, एवढीच अट.)

आणि ‘तू किती खंबीर आहेस’ हे वाक्य जरा जपून वापरावे. स्तन, केस, मूल होण्याची शक्यता यांतले काही गमावलेल्या बाईला त्यानंतर रडायची सोय उरत नाही. ती घरच्यांसाठी खंबीरपणा वठवत राहते. त्यापेक्षा सरळ विचारावे : शून्य ते दहामध्ये आज मनाचा त्रास किती? चार किंवा त्याहून जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठायचा. मनासाठी औषध सुरू होणार असेल आणि टॅमोक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची संप्रेरकविरोधी गोळी) चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या टॅमोक्सिफेनचे शरीरात प्रभावी औषधात होणारे रूपांतर रोखतात. पर्याय उपलब्ध आहेत.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी कहाणी छापाल तेव्हा मथळ्यातून ‘मात’ काढावी आणि शेजारच्या चौकटीत ते चार प्रश्न द्यावेत.

आपल्या,
कर्करुग्णांसोबत काम करणाऱ्या काही समुपदेशक