मामा, तुमच्या कॅलेंडरच्या पानांबद्दल

लातूर

आदरणीय मामा,

शि. सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून फोन ठेवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, मधेच तोडता येणार नाही. अक्षर बारीक वाटलं तर नातीला सांगा, ती मोठं करून देईल.

2021 च्या जूनमध्ये तुमच्या गोदामात थप्प्यांच्या मधल्या खांबांवर मी 22 डबे ठोकले, तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलाही नव्हता. "हे काय मोजणार?" एवढंच विचारलंत. उष्णता आणि दमटपणा, मी म्हणालो. त्यावर तुम्ही मला एका थप्पीत कोपरापर्यंत हात घालायला लावलात. 12 टक्क्यांच्या वर ओलं राहिलेलं सोयाबीन आतून कसं तापतं आणि वरच्या कट्ट्याला हात लावून ते का कळत नाही, हे मला तिथं कळलं. डबे विकायला आलेल्या माणसाला डब्यांची गरज तुम्ही समजावून सांगितलीत.

पण हे पत्र सोयाबीनचं नाही. त्या डब्यांच्या पोटात माझी एक छोटी लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, दुसऱ्या प्रोग्रॅमना आयतं वापरता येईल असं कोडचं गाठोडं. 2019 पासून ती मी रात्री, घरचे झोपल्यावर लिहीत आलोय. फुकट आहे, कुणीही घ्यावी, बदलावी, आपल्या यंत्रात घालावी. कोण कुठं वापरतं हे मला कळत नाही. तक्रार आली की कळतं.

काम एकच. डबा चालू झाला की त्याला स्वतःचा पत्ता नसतो. तो 0.0.0.0 या नावानं अख्ख्या नेटवर्कला हाक मारतो, "मी आलोय, पत्ता कोण देतंय?" राउटर म्हणतो, "37 नंबर मोकळा आहे, घेतोस?" डबा म्हणतो, "घेतला." राउटर म्हणतो, "लिहिला तुझ्या नावावर, दोन तासांसाठी." या चार वाक्यांना डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि ॲक म्हणतात, आणि सगळ्या व्यवहाराला डीएचसीपी. राल्फ ड्रोम्स यांनी मार्च 1997 मध्ये आरएफसी 2131 म्हणून त्याचे नियम लिहिले. त्याच्या खाली 1985 चा बूटपी नावाचा जुना पाया आहे. तुमच्या भाषेत हा भाडेपट्टा. अर्धी मुदत सरली की मालकाकडे मुदतवाढ मागायची. मालक बोलेनाच, तर आठातले सात हिस्से सरल्यावर जो ऐकेल त्याला विचारायचं. मुदत संपली की मुकाट्यानं पत्ता सोडायचा.

वाचायला एवढं सोपं आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

डबे बसवून दोन महिने झाले आणि तुमचा पहिला फोटो आला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान, त्यातली एक चौकट, निळ्या पेनानं: "ला. गे. 2.40. ला. आ. 4.10. 3, 7, 11 नाही. दीड." लाईट गेली, लाईट आली, तीन डब्यांचे हिरवे दिवे लागले नाहीत, इथवर समजलं. "दीड" काय ते समजेना. दीड मिनिट? दीड तास? मी त्या दीडवर दोन रात्री घालवल्या, मामा. टायमरच्या कोडमध्ये दीडपट कुठं होतंय का ते शोधलं. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की ते दूध.

मग फोटो येत राहिले. लाईट जायची कमतरता आपल्याकडं कधी नव्हतीच. एकदा 5, 7, 16, 20. एकदा फक्त 11. एकदा नऊ डबे. माझ्या टेबलावरचे दोन डबे मात्र गुणी बाळासारखे चालायचे. मी तुम्हाला सांगितलं, राउटर जुना असेल. तुम्ही वाद घातला नाहीत. पुढचा फोटो पाठवलात, त्यात लिहिलं होतं: "विजा. सगळे काढले. हातानं एक एक लावले. सगळे चालू."

हातानं एक एक. मीही टेबलावर तेच करत होतो. पहिला डबा लावायचा, मग दुसरा. गोदामात डीपीवरून लाईट येते तेव्हा 22 डबे एकाच क्षणी जागे होतात, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आता चूक कुठं होती ते सांगतो, कारण ती पूर्णपणे माझी होती आणि राउटरची मी उगाच बदनामी केली. प्रत्येक हाकेवर डब्यानं एक आकडा टाकायचा असतो, म्हणजे उत्तर आलं की आपलं कोणतं ते ओळखता येतं. हा आकडा 429 कोटींहून जास्त आकड्यांतून मनाला येईल तसा उचलायचा. माझे डबे तो घड्याळावरून उचलायचे. डब्यातल्या घड्याळाला बॅटरी नाही, लाईट आली की ते दर वेळी 1 जानेवारी 1970 पासूनच सुरू होतं. म्हणून 429 कोटींतून 22 डब्यांनी नेमका एकच आकडा उचलला. वर उत्तर तपासताना मी फक्त तो आकडा बघत होतो. त्यात डब्याचा हार्डवेअर पत्ताही (कारखान्यातूनच आलेली त्याची ओळख) लिहिलेला असतो, तो बघायचा आळस केला होता. त्यामुळं 7 नंबरला दिलेला पत्ता 3 नंबर उचलायचा. राउटर त्याला "नाही" म्हणायचा. हा नकार नियमाप्रमाणं सगळ्यांना ऐकू जाईल असाच पाठवायचा असतो, म्हणून एकाला नाही म्हटलं की बाकीचेही तो आपल्यालाच समजून परत फिरायचे.

परत मागायला किती वेळ थांबायचं याचाही नियम आहे: आधी 4 सेकंद, मग 8, मग 16, असं 64 पर्यंत, आणि दर वेळी एखादा सेकंद मागंपुढं, म्हणजे गर्दी पांगते. माझा मागंपुढंही त्याच घड्याळातून यायचा. सौद्याच्या वेळी मोंढ्यातले 22 आडते एकदम ओरडले, एकदम गप्प झाले आणि परत एकदम ओरडले, तर कुणाचा माल कितीला गेला हे कोण सांगणार? त्यातूनही काही डबे कसे लागायचे याचंच नवल आहे. कुणाला जाग यायला किंचित उशीर होत असेल, तेवढ्यावर निभावलं.

दुरुस्ती अकरा ओळींची होती. त्या अकरा ओळींसाठी तुमच्या कॅलेंडरची तीन पानं लागली.

दुसरी चूकही त्याच घड्याळाची. पत्ता मिळाला की डबा इंटरनेटवरून खरी वेळ घेतो, घड्याळ 1970 वरून एकदम आजवर उडी मारतं, आणि माझा कोड म्हणतो, अरे, ही मुदत तर पन्नास वर्षांपूर्वीच संपली. "9 नंबर दोन मिनिटं हिरवा, मग लाल, मग परत हिरवा" हे तुम्ही लिहिलं होतं ते हेच. मुदत घड्याळावर मोजायची नसते, डबा चालू झाल्यापासून किती वेळ गेला यावर मोजायची असते. केलं तसं. त्या बदलानं पुढं काय वाढून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं नाही.

मधलं 2022 साल तुम्हाला कधी सांगितलं नाही. एका कंपनीनं, नाव घेत नाही, आपल्या यंत्रात माझी लायब्ररी घातली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या माणसाचा मेल आला: सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या. वर नमस्कार नाही, खाली आभार नाहीत. त्याच वर्षी इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमनं आपला जुना, जगभर चाललेला डीएचसीपी क्लायंट, म्हणजे माझ्यासारखाच पत्ता मागणारा प्रोग्रॅम, सांभाळणं थांबवलं. मला वाटलं, एवढं मोठं काम थांबू शकतं तर आपण कुठं लागून गेलो? "ही लायब्ररी आता कुणी सांभाळत नाही" अशी पाटी मी लिहून ठेवली होती. लावायची तेवढी बाकी होती.

पण हे सोडून देण्यासारखं कामही नाही. राउटर असल्याचं सोंग घेऊन कुणीही डब्याला उत्तर देऊ शकतं. 2014 साली शेलशॉक नावाची भानगड झाली, तेव्हा डीएचसीपीच्या उत्तरात आलेला मजकूर काही लिनक्स यंत्रांवर थेट बॅशपर्यंत, म्हणजे यंत्राला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचायचा आणि बॅश तो हुकूम समजून पाळायचा. बाहेरून आलेल्या प्रत्येक अक्षरावर संशय घ्यावा लागतो, उत्तरात लिहिलेली लांबी खरी आहे का तेही मोजून बघावं लागतं. तुम्ही रात्री कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघता ना, तसलं काम. ते कुणीतरी करत राहावं लागतं.

अशात दिवाळीनंतर मालकांनी इन्व्हर्टर घेतला. तुमच्या चौकटीत नोंद आहे: 3 नोव्हेंबर, "इन्व्हर्टर. 5.10 ला चालू." मी सुटकेचा श्वास टाकला. आता लाईटचा प्रश्न नाही, मामांचे फोटो नाहीत, पाटी लावायला मोकळा.

23 डिसेंबरला सकाळी साडेदहाला तुमचा फोन आला. तुम्ही सहसा फोन करत नाही, म्हणून उचलला. "अरे, तुझे डबे येडे झाले होते. लाल-हिरवे, लाल-हिरवे, सगळे एकदम, लग्नातल्या माळा लावल्यासारखे. सव्वानवापासनं सव्वादहापर्यंत. आता आपोआप शहाणे झालेत." मी म्हणालो, झालेत ना शहाणे, मग राहू द्या. आणि तुम्ही सहज, फोन ठेवता ठेवता म्हणालात, "लाईट जायची तवा बरं होतं. इन्व्हर्टर बसवून आज बराबर पन्नास दिवस झाले बघ."

मामा, हा आकडा ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

डबा चालू झाल्यापासूनची वेळ मिलिसेकंदांत मोजतो, आणि मोजायची पाटी 32 बिटांची आहे, म्हणजे तिच्यावर तेच 429 कोटींच्या आसपास आकडे मावतात. ती 49 दिवस, 17 तास आणि 2-3 मिनिटांत भरते, मग पुन्हा शून्यापासून सुरू. विंडोज 95 आणि 98 ही याच आकड्यापाशी अडकायची. 3 नोव्हेंबरच्या संध्याकाळच्या 5.10 मध्ये एवढं मिळवलं की 23 डिसेंबरचे सकाळचे 10.13 येतात. तासाभराआधी, 9.10 ला, प्रत्येक डब्यानं दोन तासांची मुदतवाढ घेतली. तिच्या शेवटाची वेळ पाटीच्या पलीकडं गेली, म्हणून अगदी छोटा आकडा झाली, आणि माझ्या कोडनं ठरवलं की मुदत संपूनही गेली. पत्ता सोड, परत माग, मिळाला, संपला, सोड. 10.13 ला पाटी पुसली गेली आणि सगळं आपोआप जागेवर आलं. दोन वेळांमधला कोणता आकडा मोठा हे बघायचं नसतं, त्यांची वजाबाकी करून बघायची असते. शिकवणीला पहिल्या महिन्यात सांगतात हे.

तुमच्या गोदामात पूर्वी हे कधी दिसलंच नसतं, कारण आपल्याकडं पन्नास दिवस सलग लाईट असते कुठं? माझ्या टेबलावरही नाही, मी रोज रात्री वायर काढतो. आणि तासाभरात आपोआप बरा होणारा रोग कुणी कळवत नाही. तुम्ही तारीख आणि वेळ लिहून ठेवली होतीत, म्हणून सापडला. माझ्याकडं ज्या तक्रारी येतात त्यात बहुतेक वेळा रोगाचं निदान असतं, लक्षणं नसतात. "तुमचा टायमर बिघडलाय", "मेमरी गळतेय". तुम्ही कधी निदान केलं नाहीत. कोणता दिवा, कधी लागला, कधी विझला, बास.

"कुणी सांभाळत नाही" ही पाटी मी लावली नाही. मसुदा पुसून टाकला, हेही इथं कबूल करतो.

नवी आवृत्ती काढताना तुम्हाला विचारलं होतं की मदत करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव कसं लिहू. तुम्ही म्हणालात, "नाव कशाला? तारीख लिव." म्हणून लायब्ररीत एक चाचणी आहे, तिचं नाव 'तेवीस डिसेंबर'. ती डब्याचं घड्याळ पाटी भरायच्या दोन तास आधी नेऊन ठेवते आणि मुदतवाढ मागायला लावते. कोडमध्ये मी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती आधी चालते. परवा एका परदेशी मुलानं विचारलं, ही कसली तारीख? त्याला तुमच्या पानाचा फोटो पाठवला. त्यानं उलट विचारलं, खाली कोपऱ्यात काय लिहिलंय, तोही लीजचा आकडा आहे का? दूध आहे, दीड लिटर, असं कळवलंय.

येत्या आठवड्यात 2 नंबरचा डबा बदलायला येतोय. दिवा मिणमिणतो म्हणून तुम्ही लिहिलंय, ते बरोबर आहे, तो माझ्या सोल्डरिंगचा दोष. येताना नवीन कॅलेंडर आणतो, मोठ्या चौकटींचं. जुनी पानं रद्दीत घालू नका, मला हवीत.

आपला,
डब्यावाला