बायपासनंतर चालायला कोण शिकवणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. वडिलांनी तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे कर्ज काढावं लागलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. माझं गाऱ्हाणं त्याच्या पुढचं आहे.

घरी सोडताना गोळ्यांची यादी मिळाली आणि तोंडी एवढंच सांगितलं, "आराम करू द्या." आईने त्यांना तांब्याभर पाण्यासाठीही उठू दिलं नाही. तीन आठवडे ते खाटेवरच. मग एका सकाळी मोरीकडे जायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन उंबऱ्यातच कोसळले.

का, ते नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. सतत पडून राहिलं की शरीर लघवीवाटे पाणी टाकतं, रक्ताचं प्रमाण घटतं आणि उठताना रक्तदाब सावरायची शरीराची सवय मोडते. उभं राहताच रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं. छातीचं हाड कापलेलं, म्हणून माणूस दुखेल या भीतीने वरवर श्वास घेतो. फुप्फुसांचा तळ मिटतो, कफ साठतो. पायात गुठळी होण्याचा धोका वेगळाच.

म्हणूनच प्रकृती स्थिर असेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच रुग्णाला खाटेच्या कडेला, मग खुर्चीत बसवतात, मग चार पावलं चालवतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली जाते आणि शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. श्वास खोल होतो. नाडी वाढते, पण थांबल्यावर ती उतरायला हवी. मी वहीत लिहून ठेवलंय : पडल्यानंतर चालायला लागले त्या पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जाताना वडिलांची नाडी ८८ वरून ११२ झाली, दीड महिन्याने तेवढ्याच अंतराला ७६ वरून ९२. ही वही मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त धीर देते.

हे ज्ञान नवं नाही. हार्ट अटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवायच्या काळात, १९५२ मध्येच, बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला होता.

साहेब, योजनेतल्या प्रत्येक बायपास रुग्णाला घरी जाताना चालण्याचं वेळापत्रक लेखी मिळावं. किती मिनिटं चालायचं, छातीत दुखलं, चक्कर आली, नाडी अडखळली किंवा छातीच्या हाडात कटकट जाणवली तर लगेच थांबून कुणाला फोन करायचा, हाड जुळेपर्यंतचे सहा ते बारा आठवडे घागर का उचलायची नाही, उठताना हातांवर भार का द्यायचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात रक्तदाब आणखी खाली येतो, म्हणून सकाळी सातच्या आतच चालायचं, हेही त्यात हवं. सरकारी दवाखान्यांत आठवड्यातून दोन दिवस या रुग्णांसाठी फिजिओथेरपिस्ट बसवा. आशाताईंना नाडी मोजून नोंद ठेवायला शिकवा.

आमच्या शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशींची बायपास पुढच्या महिन्यात आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेलुगू येतं. तो कागद तेलुगूतही छापा, कन्नडमध्येही.

आपला,
एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा, सोलापूर