वाट कोणी द्यायची, हे आधी ठरवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

चंद्रावर पुन्हा माणूस आधी कोण उतरवणार, अमेरिका की चीन, यावर आपल्या दैनिकात सध्या बरेच छापून येते. माझी उमेदीची सगळी वर्षे व्यापारी जहाजांवर गेली, आधी डेक अधिकारी आणि पुढे कप्तान म्हणून. त्यामुळे पहिला कोण यापेक्षा मला वेगळाच प्रश्न छळतो : या सगळ्यांची याने एकमेकांच्या आड आली, तर वाट कोणी द्यायची?

समुद्रात याचे उत्तर ठरलेले आहे. दोन जहाजे इंजिनावर चालली आहेत आणि त्यांचे मार्ग एकमेकांना छेदणार आहेत, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज असेल त्याने बाजूला व्हायचे. दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा. रात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला की हलायचे आपण. त्यावर झेंडा कोणाचा, कप्तानाला आपली भाषा येते का, हे विचारावे लागत नाही. हे नियम १९७२ साली, शीतयुद्ध चालू असताना झाले, आणि दोन्ही गोटांच्या जहाजांना ते लागू होते.

पृथ्वीभोवतीच्या कक्षांमध्ये असा बंधनकारक नियम आजही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा ‘एओलस’ उपग्रह आणि स्पेसएक्सचा एक स्टारलिंक उपग्रह धोकादायकरीत्या जवळ येणार असल्याचे दिसले. दोन्ही बाजूंचा संवाद चालू होता ईमेलवर. धोका वाढल्याचा निरोप निरोप-यंत्रणेतील बिघाडामुळे स्पेसएक्सच्या माणसापर्यंत पोहोचलाच नाही, आणि अखेर युरोपने आपला उपग्रह वर उचलला. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभा राहिलेला कोणीही हे वाचून हादरेल. त्याआधी, १० फेब्रुवारी २००९ रोजी, सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर ‘इरिडियम ३३’ हा चालू अमेरिकी उपग्रह ‘कॉसमॉस २२५१’ या बंद पडलेल्या रशियन उपग्रहावर आदळला होता. त्याचे तुकडे आजही फिरत आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सिडनीच्या अंतराळ परिषदेत नासाच्या एका अधिकाऱ्याने जे सांगितले, ते मला मोठे वाटते. दोघांचे उपग्रह जवळ येणार असल्याचे चीनच्या अवकाश संस्थेने नासाला स्वतःहून कळवले. तुम्ही आहात तसेच राहा, आम्ही बाजूला होतो, असेही सुचवले. असे प्रथमच घडत होते. एकाने दिशा कायम ठेवायची, दुसऱ्याने हलायचे : नेमका आमचा नियम! पण अमेरिकी संसदेने २०११ पासून नासाच्या चीनशी थेट सहकार्यावर कडक बंधने घातली आहेत, आणि एवढा साधा निरोपही तिथे नवलाची गोष्ट ठरतो.

चंद्रावर हे अधिक अवघड होणार आहे. सगळ्यांना दक्षिण ध्रुवाकडेच जायचे आहे, कारण तिथल्या कायम अंधारातील विवरांत बर्फ आहे आणि जवळच्या काही उंच कडांवर वर्षाचा बराच काळ ऊन असते. अशा कडा मोजक्याच. शिवाय तिथे हवा नाही, त्यामुळे उतरणाऱ्या यानाच्या झोताने उडालेली धूळ अडत नाही. १९६९ मध्ये ‘अपोलो १२’ हे आधीच उतरलेल्या ‘सर्व्हेयर ३’ या मानवरहित यानापासून दीडशे मीटरहून थोड्या जास्त अंतरावर उतरले, तरी त्या जुन्या यानाचा पृष्ठभाग धुळीच्या माऱ्याने खरवडला गेला. मग शेजाऱ्यापासून किती लांब उतरायचे? १९६७चा अंतराळ करार इतरांच्या हिताची योग्य दखल घ्या आणि सल्लामसलत करा एवढेच सांगतो, अंतर सांगत नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात सुरक्षा क्षेत्रांची, म्हणजे एकमेकांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून आखायच्या जागांची, कल्पना आहे. भारताने त्यावर २०२३ मध्ये सही केली. चीन आणि रशिया त्यात नाहीत, त्यांचा चांद्रतळाचा बेत वेगळा आहे.

शर्यत असली म्हणून बोलणे बंद व्हावे लागत नाही. जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ चंद्राकडे निघाले तेव्हा सोव्हिएत ‘लुना १५’ हे मानवरहित यान आधीच तिकडे निघाले होते. अमेरिकी अंतराळवीर फ्रँक बोरमन यांनी मॉस्कोकडे विचारणा केली आणि सोव्हिएत विज्ञान अकादमीचे प्रमुख केल्दिश यांनी लुनाच्या कक्षेची माहिती कळवली. बाजी लागलेली असतानाही त्यांनी हे केले, म्हणून मला त्या पिढीविषयी आदर आहे.

भारताकडून माझी म्हणूनच जास्त अपेक्षा आहे. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे इस्रोने जाहीर केले, त्याचा मला अभिमान आहे. उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्र चाचण्या थांबवण्याचा ठराव डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा मात्र आपण तटस्थ राहिलो, याचे वाईट वाटते. अंतराळाच्या शांततापूर्ण वापरासाठीची संयुक्त राष्ट्रांची समिती व्हिएन्नात भरते आणि भारत तिचा सदस्य आहे. तिथे भारताने तीन मागण्या मांडाव्यात : चंद्रावर उतरण्याची जागा आणि वेळ सर्वांना आगाऊ कळवणे, यान चालवणाऱ्या प्रत्येकाकडे चोवीस तास फोन उचलणारा माणूस असणे, आणि समोरासमोर आल्यावर कोणी हलायचे याचा सर्वांना सारखा लागू होणारा नियम. आपल्या दैनिकाच्या प्रतिनिधींनी दिल्लीत याविषयी सरकारला प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज कप्तान